चाळीसगावचे विरजण

आमच्या शेजारचे सर कोणाच्याही घरी प्रथमच गेले की पाणी, चहा किंवा पानसुपारी यांपैकी कशालाही हात न लावता चमचाभर दही मागत, आणि ते दही खात नसत. शर्टाच्या खिशातून झाकणाची एक बारीक बाटली काढून ते दही तीत भरत, बाटलीवर गावाचे नाव लिहीत आणि यजमानांना अतिशय गंभीरपणे विचारीत, "आपल्याकडे हे विरजण कुठून आलं?" या प्रश्नाला बहुतेक घरांतून उत्तर मिळत नसे. दही हे घरात असतेच, ते कुठून येते असा प्रश्न सभ्य माणसास पडत नाही, अशी सर्वसाधारण समजूत. सरांस मात्र तो एकच प्रश्न पडलेला होता.

ते स्वतः दही खात नसत, कारण त्यांना दह्याने सर्दी होत असे. ही गोष्ट मी प्रथमच सांगून टाकतो, कारण त्यांच्याविषयी कोणालाही काही सांगावयास बसलो की श्रोता हाच प्रश्न मध्ये घालतो आणि कथनाचा ओघ तुटतो.

माझा व्यवसाय अर्ज लिहिण्याचा. धुळ्यास कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली माझे टेबल होते व आहे. माझे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडे थांबले; परंतु मोठमोठे पदवीधर मजकडून अर्ज लिहवून नेतात, यावरून काय तो निष्कर्ष वाचकांनी काढावा. मी देवपुरात राहावयास होतो. पांझरेच्या पलीकडचा हा भाग तेव्हा आजच्यासारखा गजबजलेला नव्हता. घरे बैठी होती आणि दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत असे. आमच्या आणि सरांच्या अंगणांमध्ये अशीच एक भिंत होती, आणि पुढील हकिकतीत तिचा मोठा भाग आहे.

सर एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. नव्वदच्या दशकाची मधली वर्षे होती. खानदेशातील निरनिराळ्या गावांच्या दह्यातले जंतू एकच आहेत की वेगवेगळे, आणि वेगळे असल्यास कोणत्या भागात कोणते वसले आहेत, हे शोधण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. त्यांच्या बैठकीत भिंतीवर खानदेशचा मोठा नकाशा होता आणि त्यावर रंगीत टाचण्या टोचलेल्या होत्या. पाहुणा आला की लोक त्यास नाव व गाव विचारतात, सर गाव ऐकून नकाशाकडे पाहत आणि म्हणत, "म्हणजे आपल्याकडे तिसरी पट्टी जाड." पाहुणा आमच्या तोंडाकडे पाही.

ही पट्टी कसली, ते मी त्यांना एकदा माझ्या टेबलाशी विचारले. मी त्या वेळी एका आजोबांचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून प्रतिज्ञापत्रावर उमटवीत होतो. सरांनी तो अंगठा निरखून पाहिला आणि म्हणाले, "मी जंतूंचं हेच करतो."

"जंतूस अंगठा असतो?" मी विचारले.

"नसतो. म्हणून खटाटोप करावा लागतो."

मग त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत नमूद करतो. प्रत्येक जंतूच्या पोटात डीएनए नावाचा धागा असतो. त्या धाग्याच्या ठरावीक तुकड्यांच्या पुष्कळ नकला काढावयाच्या. मग त्या नकला एका पारदर्शक, खरवसासारख्या थरात ठेवून विजेच्या जोराने पळवावयाच्या. लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे रेंगाळतात. साक्रीच्या बसचे दार उघडल्यावर सडपातळ मंडळी आत शिरून जागा पटकावतात आणि भारदस्त माणसे पायरीवरच अडकतात, तसे. मग जांभळ्या दिव्याखाली हे तुकडे नारिंगी पट्ट्यांसारखे चमकतात, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे. एका वाणाच्या जंतूंची शिडी एकसारखी. वाण बदलला की पायऱ्या बदलल्या.

"आणि खोटा अंगठा?" मी माझ्या अनुभवावरून विचारले.

"जंतू खोटं बोलत नाहीत," सर म्हणाले, आणि जरा थांबून पुढे, "निदान मी अजून तसा पाहिलेला नाही."

हे शेवटचे वाक्य हाच त्यांचा स्वभाव. तपासल्याशिवाय त्यांना कोणतेही विधान करवत नसे. 'काय सर, बरे आहात ना' असे विचारले तर ते "सकाळपर्यंत होतो" म्हणत. साक्रीची बस गेली का, असे विचारल्यास "मी उभा असताना गेली नाही" असे उत्तर मिळे. एकदा माझ्या एका पक्षकारास ओळख देण्यासाठी प्रतिष्ठित इसम हवा होता, म्हणून मी सरांना कचेरीत नेले. साहेबांनी विचारले, "आपण यांना ओळखता?" सर म्हणाले, "यांना मी गेल्या महिन्यात पाहिलं होतं. हे तेच असावेत असं दिसतं." साहेबांनी कागद परत केला. पक्षकाराने त्यानंतर माझ्या टेबलाकडे पाहणे सोडून दिले.

नकला काढण्याचे यंत्र तेव्हा मोठ्या शहरांतच होते. सरांच्या प्रयोगशाळेत त्याऐवजी तीन पातेली होती. एकात पाणी जवळजवळ उकळते, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात या दोहोंच्या मधले. बारीक नळ्यांची चळत घेऊन सर या पातेल्यातून त्या पातेल्यात फिरवीत, पुन्हा पहिल्यात, पुन्हा दुसऱ्यात, हातात घड्याळ, ओठांवर पुटपुट, खानदेशातल्या मे महिन्यात, पंखा बंद, कारण पंख्याने पाण्याचे तापमान हलते. महाविद्यालयाचा शिपाई दारातून डोकावून विचारी, "सर, इडल्या कव्हय व्हतीन?" सर त्यास न रागावता सांगत, "संध्याकाळपर्यंत. वीज राहिली तर."

या कामी लागणारे एक औषध पुण्याहून आणावे लागे. ते सदैव बर्फात असावे लागते. सर ते थर्मासात घालून एस. टी.ने आणत आणि थर्मासास मांडीवर घेऊन बसत. एकदा बस भरली असता कंडक्टरने थर्मास खाली ठेवण्यास सांगितले. सर म्हणाले, "हे खाली ठेवता येत नाही. हवं तर याचं अर्धं तिकीट फाडा." कंडक्टरने खरोखर फाडले. ते तिकीट सरांनी जपून ठेवले होते.

नकाशाच्या गमती ते मला सांगत. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत त्यांना एकाच रांगेत निरनिराळ्या शिड्या सापडल्या. देशभरचे लोक बदलीवर येतात आणि आपापले विरजण घेऊन येतात. धुळ्याच्या पेठेतील एका मारवाडी कुटुंबाचा जंतू आसपासच्या कोणाशीही जुळेना. त्यांच्या पणजोबांनी मुलुख सोडताना दह्यात भिजवलेले फडके उन्हात वाळवून कमरेस बांधून आणले होते आणि येथे आल्यावर ते दुधात बुडवले होते. सर ही हकिकत सांगताना गहिवरत. "माणसं घरं बदलतात," ते म्हणत, "जंतू नुसता भांडं बदलतो."

आता अक्कांविषयी. अक्का म्हणजे सरांच्या मातोश्री. त्यांचे माहेर चाळीसगावचे. लग्नात त्यांनी आणलेले दागिने व भांडी यांची त्या कधी वाच्यता करीत नसत. त्या एकच गोष्ट सांगत. चाळीसगावाहून येताना त्यांच्या आईने गडूत विरजण दिले होते, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरचे दही एकदाही तुटलेले नव्हते. रोज थोडे उरवावयाचे, दुसऱ्या दिवशीच्या दुधास लावावयाचे. सून घरात आली तेव्हा अक्कांनी तिला तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्या दिवशी दिल्या. दह्याचे भांडे पहिल्याच दिवशी दिले.

अक्का मला 'अर्धे वकील' म्हणत. मी ते सन्मानपूर्वक घेत असे.

त्या मे महिन्यात दही बिघडले. पाणी सोडू लागले, जिभेस टोचू लागले. अक्का दोन घास खाऊन वाटी बाजूला सारीत. अखेर एके दिवशी दुपारी त्यांनी अंगणात सर्वांदेखत विषय काढला. मी भिंतीच्या अलीकडे खुर्चीवर होतो.

"हे माझं दही नव्हे," अक्का म्हणाल्या.

"अक्का, उन्हाळा आहे," सर म्हणाले. "उष्णतेने आंबट होतं."

"असे उन्हाळे मी जन्मभर पाहिले. हे डेअरीचं आहे. कुठेतरी तुटलंय आणि मला कोणी सांगत नाही."

"मी डेअरीचं आणलं नाही, अक्का," वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या. आवाज फार बारीक होता.

"मग ठीक. तुटलं नसेल तर मी चुकले म्हणेन. पण तुटलं असेल तर मी या घरात ताकसुद्धा पिणार नाही. भावाकडे चाळीसगावला जाईन आणि तिथंच राहीन. तिथं माझं दही आहे."

अक्का बोलल्याप्रमाणे करीत, हे गल्लीस ठाऊक होते. सर मात्र प्रसन्न झाले. "यात वाद कशाला," ते म्हणाले. "मामांकडचं दही आणतो, घरचं घेतो, दोन्हींच्या शिड्या शेजारी शेजारी काढतो. तुझं म्हणणं तपासता येण्यासारखं आहे, अक्का."

वहिनी आत गेल्या. निवडायला घेतलेले सूप अंगणातच राहिले.

दुसऱ्या दिवशी सर कॉलेजात आणि अक्का देवळात गेलेल्या असताना वहिनी भिंतीशी आल्या. माझी पत्नी तेव्हा पारोळ्यास माहेरी, भावाच्या लग्नाला गेलेली होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कोणाला सांगू नका."

मी म्हणालो, "वहिनी, निम्म्या जिल्ह्याची गुपिते या छातीत आहेत."

तेव्हा त्यांनी सांगितले ते असे. दही खरोखर तुटले होते, आणि तोडले होते सरांनी. आपल्या घरचा नमुना घ्यावा असे त्यांच्या एका सकाळी मनात आले. भांड्यात विरजणापुरते उरवलेले दही होते. त्यांनी ते बाटलीत खरवडून घेतले, भांडे शास्त्रोक्त स्वच्छ धुऊन पालथे घातले आणि कॉलेजात निघून गेले. वहिनींना ते संध्याकाळी, दूध कोमट झाल्यावर कळले. बाटली कॉलेजात, आणि कॉलेज बंद. अक्का कीर्तनास गेलेल्या. वहिनी धावत भिंतीशी आल्या आणि माझ्या पत्नीकडे विरजण मागितले. परंतु तोवर दिवे लागले होते.

हा रिवाज वाचकांस ठाऊक असेलच. दिवेलागणीनंतर आमच्याकडे विरजण कोणास देत नाहीत. घरची बरकत जाते. माझी पत्नी रिवाज मोडणारी नाही, आणि शेजारणीस रिकाम्या हाती पाठवणारीही नाही. तिने वाटी आणून भिंतीवर ठेवली, पाठ फिरवली आणि तुळशीपाशी वात सरळ करीत बसली. वहिनींनी वाटी उचलली. तिने दिले नाही, यांनी नेले.

"मग हे सरांस सांगून टाका," मी म्हणालो.

"त्यांना सांगितलं की ते अक्कांना सांगणार. विचारायचीही गरज नाही, आपण होऊन सांगतील. आणि अक्का मला बोलतील ते मी सोसेन हो. पण लेकानं तोडलं हे कळलं तर..." त्यांनी पदर खोचला. "तुम्ही शब्दांचे जाणकार. काहीतरी असं लिहून द्या, की ते खरंही असेल आणि अक्का जाणारही नाहीत."

माझ्या कारकिर्दीत मला अनेक अवघड मजकूर आले. हा सर्वांत अवघड. मी विचारपूर्वक एक वाक्य तयार केले: 'सदर दह्याच्या मूळ उगमाबाबत प्राप्त परिस्थितीत निश्चित मत व्यक्त करणे उचित होणार नाही.' संध्याकाळी ते मी सहज गप्पांच्या ओघात सरांपुढे ठेवले. ते म्हणाले, "वाक्य छान आहे. पण मत व्यक्त करता येईल ना. त्यासाठीच तर चाललोय चाळीसगावला. तुम्ही चला माझ्याबरोबर. पंच हवा."

पंच म्हणून गेल्यावर नमुन्यास धक्का लावण्याचा प्रश्नच उरला नाही. आम्ही निघताना वहिनींनी माझ्याकडे पाहिले ते मी पाहिले. परंतु ज्या हाताने मी आयुष्यभर शपथपत्रे लिहिली, तो बाटली बदलण्याच्या कामी येणारा नव्हता. शिवाय सरांनी तशी सोयच ठेवली नाही. मामांच्या स्वयंपाकघरात त्यांनी चमचा उकळून घेतला, दही भरले, झाकणावर लाख वितळवून सोडली आणि तीवर माझा अंगठा मागितला. मी सही करणारा इसम. अंगठा देण्याचा तो माझा पहिला व अखेरचा प्रसंग. लाख गरम होती.

मामा पाट मांडून बसले होते. ते सरांस म्हणाले, "भाचा, जेवाले बस ना. दही काय पळी जाई का?"

"मामा, हे तुमच्याकडे पहिल्यापासूनचंच ना?"

"मायनं लायेल शे. बठ्ठा गावले आम्हीच देतस." म्हणजे आईने लावलेले, आणि साऱ्या गावास तेच विरजण पुरवितात.

मी मान खाली घालून जेवलो. दही उत्कृष्ट होते, आणि ते गिळताना मला धुळ्यास राहिलेल्या वहिनींची आठवण येत होती.

पुढील काही दिवस सर पातेल्यांतच होते. वहिनींनी स्वयंपाकात मीठ विसरण्यास प्रारंभ केला. अक्कांनी आपली पिशवी भरून दाराशी ठेवली होती. तीत दोन लुगडी, जपमाळ आणि तो जुना गडू होता. गडूही पिशवीत गेला आहे हे वहिनींनी मला भिंतीवरून सांगितले, आणि त्या रडल्या. मी त्यांस म्हणालो की मी एक पर्यायी मसुदा खिशात तयार ठेवला आहे. वास्तविक तो पहिलाच होता, स्वच्छ अक्षरांत.

निकालाच्या दिवशी अक्का म्हणाल्या, "मी स्वतः बघणार. अर्धे वकील, तुम्हीही चला." आम्ही सर्व प्रयोगशाळेत गेलो. माझी पत्नी त्याच दिवशी सकाळी पारोळ्याहून आली होती. तिला लग्नातले बुंदीचे लाडू वाटावयाचे होते, म्हणून ती डबा घेऊन आमच्यामागे आली. काय चालले आहे हे तिला सांगण्यास कोणास सवड झाली नाही.

जांभळा दिवा डोळ्यांस वाईट, म्हणून सरांनी अक्कांच्या चेहऱ्यास प्लास्टिकचा मुखवटा बांधला. नऊवारी लुगडे, कपाळी मोठे कुंकू आणि त्यावर तो मुखवटा. अक्का वेल्डिंग करावयास निघाल्यासारख्या दिसत होत्या. शिपायाने नमस्कार केला.

सरांनी दिवा लावला. काळोखात तीन नारिंगी शिड्या उभ्या राहिल्या. मी वहिनींच्या शेजारी होतो. त्या मनगटावरच्या बांगड्या फिरवीत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

अक्कांनी वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"हे दोन सख्खे दिसतात," त्या म्हणाल्या. "हा तिसरा कोण?"

"तो तुलनेला. भुसावळचा. रेल्वे कॉलनी."

"आणि हे दोन?"

"हे घरचं. हे चाळीसगावचं." सरांनी मोजपट्टी लावून पायऱ्या पुन्हा जुळवून पाहिल्या. "एकच वाण आहे, अक्का. पायरीला पायरी."

माझ्या शेजारी बांगड्यांचा आवाज थांबला. मी वळून पाहिले तो वहिनी तोंड उघडे ठेवून त्या शिड्यांकडे पाहत होत्या. तोडलेले दही जुळले कसे, हे त्यांस कळत नव्हते, मलाही नव्हते. सरांचे शास्त्र खोटे, असा विचार माझ्या मनात आला, आणि मला मोठे दुःख झाले.

सर पुढे सांगतच होते, कारण त्यांना अर्धवट सत्य चालत नसे. "मात्र पट्ट्या एवढंच सांगतात की दोन्ही एक आहेत. कोणाकडून कोणाकडे, कोणत्या वाटेने आले, हे पट्ट्या सांगत नाहीत."

"वाट मला ठाऊक आहे," अक्का मुखवट्याआडून म्हणाल्या. "चल, घरी चल. ती पिशवी सोडायची आहे."

जिन्यात वहिनींनी माझ्या पत्नीचा दंड धरला आणि कुजबुजल्या, "वहिनी, त्या दिवशीचं तुमचं विरजण... ते कुठलं हो?"

"कुठलं म्हणजे?" माझी पत्नी लाडवांचा डबा सावरीत म्हणाली. "अक्कांचंच की. आम्ही देवपुरात राहायला आलो तेव्हा अक्कांकडूनच मागून आणलं होतं. तुम्ही तेव्हा लग्न होऊन आलेल्या नव्हतात. का हो?"

वहिनी जिन्याच्या पायरीवर खाली बसल्या आणि हसू लागल्या, आणि त्यांचे हसणे थांबेना. सर वरून विचारीत होते, "काय झालं? कोणी पडलं का?" मी म्हणालो, "आनंद झाला आहे." सर म्हणाले, "असं दिसतं खरं."

माझ्या घरातील दही कुठून आले हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते. स्वयंपाकघर माझ्या अधिकारक्षेत्रात येत नाही, आणि सरांनीही आमच्याकडे दही कधी मागितले नव्हते. इतक्या जवळच्या घराचा नमुना केव्हाही घेता येईल, असे ते म्हणत.

तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी घ्यावयाचे ठरवले. मी जेवावयास बसलो होतो. सर बाटली घेऊन फाटकातून आत येताना दिसले आणि माझ्या पत्नीस, वहिनींनी आदल्या संध्याकाळी तिला सर्व सांगितलेले असल्याने, पुढचे दिसले. आमचे दही तपासले की तीच शिडी निघणार. सर प्रश्न विचारणार. उत्तरे भिंतीपर्यंत पोचणार. तिने दह्याचे भांडे उचलले आणि सगळे माझ्या भातावर उपडे केले.

"अहो, हे काय," मी म्हणालो.

"जेवा," ती म्हणाली.

सर दारात उभे राहून माझ्या ताटाकडे पाहत होते. मी जेवत होतो. त्यांनी विचारले, "थोडं उरेल का?" मी तोंड भरलेले असल्याने हाताने नकार दर्शविला. त्यांनी खिशातून वही काढून नोंद केली, आणि नकाशावर आमच्या घराच्या जागी आजही एक बिनरंगी टाचणी आहे. तिच्यापुढे लिहिले आहे, 'दही संपले. प्रत्यक्ष पाहिले.'

विरजणाविना घर चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगले वर आल्यावर माझी पत्नी वाटी घेऊन भिंतीशी गेली आणि अक्कांना हाक मारली. अक्का गडू घेऊन बाहेर आल्या. त्यांनी वाटीकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, मग आपल्या सुनेकडे पाहिले, जी अंगणात धुणे वाळत घालता घालता थांबली होती.

"दारातून ये गं," अक्का माझ्या पत्नीस म्हणाल्या. "भिंतीवरून एकदा झालं तेवढं पुरे."